धायरीतला निळा शिंपला

६ जानेवारी, सोमवार

धायरीची टाकी आजपासून माझ्या गळ्यात. आधी फैझल बघायचा, तो दुबईला गेला. गुलजारभाई दुकानात सगळ्यांसमोर म्हणाले, "बाकीच्या घरी मासे मेले तर मी बघून घेईन. धायरीला काही झालं तर तू मला तोंड दाखवू नकोस."

बिबवेवाडीतल्या त्यांच्या माशांच्या दुकानात मी दिवाळीनंतर लागलो. लोकांच्या घरी जाऊन टाक्या धुतो. गोड्या पाण्याच्या टाकीची भीती वाटत नाही. ही खाऱ्या पाण्याची आहे. आत खडक, थोडे मासे, गोगलगाई, आणि खडकावर तो शिंपला.

आमच्या खाडीत शिंपल्यांना काय तोटा? तिसऱ्या, मुळे, कालवं खाऊनच वाढलो. पण असला नाही बघितला. पंजाएवढा. उघड्या तोंडातून निळे ओठ बाहेर आलेले, मोराच्या मानेसारखे, आणि काठाला बारीक बारीक ठिपके. फैझल म्हणाला होता ते त्याचे डोळे आहेत. मी वाकलो, माझी सावली पडली, आणि तो खटकन मिटला. मी मागं उडालो तो बादलीसकट.

"घाबरू नकोस, दात नाहीत त्यांना," मागून बाई म्हणाल्या.

या कांताबाई. पोस्टात होत्या, आता रिटायर. एकट्याच राहतात. भिंतीवर नवऱ्याचा, तात्यारावांचा फोटो, शेजारी बुद्धाची मूर्ती. टाकी मुलाची, अनिरुद्धसाहेबांची. शिंपला त्यांनीच बाहेरून रीतसर मागवलेला. मग नोकरीला जर्मनीत गेले, शिंपला आईकडं राहिला.

"खायला लागत नाही, फिरायला लागत नाही," कांताबाई म्हणाल्या. "दिवसभर लाईट लावून बसायचं आणि आपण सरबराई करायची. म्हणून मी त्यांना जावईबापू म्हणते."

मला हसू आलं नाही. मी मोडलेल्या बादलीच्या कानाकडं बघत होतो.

खोलीवरच्या पोरांना सांगितलं तर चेष्टा करतील. म्हणून लिहून ठेवतो.

९ जानेवारी, गुरुवार

आज दुकानाच्या दारातच पकडला गेलो. धायरीच्या टाकीतलं पाणी बोटभर उतरतं. समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच घालायचं, असं मला वाटलं. मीठ कालवून कॅन भरला.

गुलजारभाई म्हणाले, "मीठ उडतं का रे हवेत? उडतं ते पाणी. मीठ आतच राहतं. वरून आरओचं साधं पाणी घालायचं, नळाचंसुद्धा नाही. सोमवारी काय घातलंस?"

"साधंच," मी म्हटलं.

खारं घातलं होतं. एक मगभर. कोकणातला आहे, समुद्राचं मला काय शिकवता, असं मनात म्हणतच घातलं होतं.

धायरीला गेलो तेव्हा शिंपला उघडा होता, रंग चांगला. कांताबाईंनी पाणी दिलं. त्यांच्याकडं फ्रिजचं मिळत नाही. ओट्यावर तांब्याचा हंडा आहे, चिंच-मीठ लावून इतका घासलेला की त्यात तोंड दिसतं. रात्री भरायचा, सकाळपासून तेच प्यायचं. "तात्याराव जन्मभर हेच प्याले," म्हणाल्या, "पोटाची तक्रार म्हणून नाही." पाणी खरंच गोड लागतं.

१२ जानेवारी, रविवार

रविवारी संध्याकाळी साहेबांचा व्हिडिओ कॉल येतो. तेव्हा मी हजर पाहिजे, असा फैझलपासूनचा नियम.

"जयभीम, बाळा," कांताबाई म्हणाल्या.

"हं, जयभीम. टाकीकडं घे ना फोन."

त्यांनी घेतला. हात थोडा कापतो त्यांचा, म्हणून मी धरला. साहेब सांगत होते, डावीकडं, अजून जवळ, कलर मस्त आलाय, खालून दाखव. कांताबाई मागून बोलत होत्या. इकडं थंडी फार पडलीय. शेजारच्या शालूला मुलगी झाली. गुडघ्याचं तेल संपलं. साहेब "हं, हं" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "मावळतीचं ऊन नको यायला, पडदा लावत जा." आणि बाय.

केवढा जीव आहे साहेबांचा शिंपल्यावर. कांताबाईंनी फोन पुसून पर्समध्ये ठेवला आणि मला लाडू दिला. खूश होत्या.

माझ्या आयेचाही फोन आला. मी सांगितलं, एक शिंपला सांभाळतो. ती म्हणाली, "एकच? त्याला पगार देतात तुला?" मग किती मोठा ते विचारलं. म्हणाली, "अगं बाय माझे, एकट्याचा रस्सा झाला असता." हसताना तिला ठसका लागला.

१८ जानेवारी, शनिवार

काहीतरी बिघडलंय.

या आठवड्यात दोन खेपा चुकवल्या. कात्रजला एका हॉटेलातली टाकी फुटली, तिकडं गेलो, आणि एकदा नुसताच कंटाळा आला म्हणून गेलो नाही. आज गेलो तर गोगलगाई काचेवरून सुटून तळाला पडलेल्या. शिंपला उघडा, पण ओठ आत ओढलेले, कडा फिकट. मासे मात्र ठणठणीत, काचेशी येऊन खायला मागतायत.

मी हाताची सावली धरली. मिटला, पण सावकाश. म्हाताऱ्या माणसानं दार लावावं तसा.

आये बाजाराच्या टोपलीत हात घालते तेव्हा उघड्या तिसरीला बोटानं टिचकी मारते. मिटली तर जिवंत. नाही मिटली तर फेक. मला तेवढंच येतं, आणि तेच आज सारखं आठवत होतं.

तो मगभर खारटपणा. दुसरं काय असणार?

१९ जानेवारी, रविवार

साहेबांनी लगेच ओळखलं. "असा का दिसतोय? मँटल आत का आहे?" त्या निळ्या ओठांना ते मँटल म्हणतात.

कांताबाई म्हणाल्या, "थंडीनं असेल रे. माणसंसुद्धा आखडलीत इकडं."

"आई, हीटर आहे त्याला. तेजस, कधीपासून असा आहे?"

"आजच, साहेब," मी म्हटलं. फोन हलला तर साहेब ओरडले.

फोन बंद झाल्यावर कांताबाई टाकीपुढं खुर्ची घेऊन बसल्या. "बोला ना जावईबापू," म्हणाल्या. "रुसायला काय झालं? मानपान राहिला का काही?" मग मला विचारलं, "बरे होतील ना रे?"

"होतील."

मला बिलकुल माहीत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

गुलजारभाईंना सांगावंच लागलं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि वकिलासारखं विचारलं. हात साबणानं धुऊन घातलास? नाही. घरात डासांचा स्प्रे? नाही. फिनेल? नाही. टाकीत काही पडलंय? नाणं, तार, तांबं, पितळ?

"तांब्यानं काय होतं?"

"माशांचं लवकर बिघडत नाही. शिंपला, गोगलगाय, झिंगा, यांना जहर आहे. थोडंसं पुरतं."

धायरीला जाऊन कोपरापर्यंत हात घालून सगळी वाळू चाळली. नाणं नाही, तार नाही. कांताबाई म्हणाल्या, "अंगठी हरवलीय का कुणाची?" मी वाळू परत सारखी केली. म्हणजे तांबं नाही. म्हणजे मीच.

२२ जानेवारी, बुधवार

आज पळून चाललो होतो.

कोल्हापूरचं हॉटेल असंच सोडलं, चाकणची कंपनी अशीच सोडली. काही वाकडं झालं की माझे पाय आधी निघतात, डोकं मागून येतं. स्वारगेटला दापोलीच्या गाडीपाशी उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, "चढतोयस का दर्शन घेतोयस?" मी पायरीवर पाय ठेवला आणि खिशात काहीतरी टोचलं. दुकानाच्या ॲक्टिव्हाची किल्ली.

आता गेलो तर शिंपला मारला तो मारला, वर गाडीचोर. पोलीस गावात येतील. आयेला काय वाटेल? मी उतरलो. गाडी निघून गेली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं का अडकल्यासारखं, ते कळेना. स्टँडवर बसून चहा प्यालो, तो अर्धा सांडला.

२३ जानेवारी, गुरुवार

आज सकाळी उठून थेट धायरीला. एवढ्या लवकर मी कधी जात नाही.

दार उघडंच होतं, कचरा द्यायला. कांताबाई टाकीपाशी उभ्या. डोक्यावर पदर, शेजारी स्टुलावर तो हंडा, एका हातात गडू. गडू हंड्यात बुडवत होत्या आणि टाकीत ओतत होत्या, हळूहळू, कडेनं, शिंपल्याला धक्का लागू नये म्हणून.

मी दारातच थांबलो.

"आलास?" त्या म्हणाल्या. "तू मध्ये दोनदा आला नाहीस ना, पाणी पार उतरलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी मीच घालते थोडं. तुझ्या त्या प्लास्टिकच्या कॅनमधल्या पाण्यात काय जीव असतो? आजारी माणसाला असलं देतं का कुणी? हे बघ, रात्रभर तांब्यात ठेवलेलं. आम्ही पितो तेच."

हंडा लखलखत होता. कालच चिंच लावली असणार.

आधी वाटलं, मी नाही! मी मारला नाही! असं हलकं वाटलं की हसणार होतो. मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं. कालपर्यंत माझी एकट्याची भीती होती, ती निदान माझ्या ओळखीची होती.

"मावशी, आता घालू नका," मी म्हटलं. "माप चुकतं. मी घालीन."

"बरं बाबा. तुमचं खातं, तुम्ही बघा."

२४ जानेवारी, शुक्रवार

गुलजारभाईंनी पहिल्यांदा कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "सांगितलंस त्यांना?"

"नाही."

"कोण सांगणार? मी? माझ्या अम्मीच्या वयाच्या आहेत त्या." त्यांच्या अम्मी, नूरबानूआपा, आत गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडंही तांब्याचंच पितात. मलाही कुणी सांगितलं नव्हतं."

शिंपला दुकानातल्या टाकीत हलवायचं ठरलं. आम्ही दोघं गेलो. शिंपला खडकाला धाग्यांनी धरून बसतो. "ओढू नकोस," गुलजारभाई म्हणाले, "ओढलास तर त्याचा पाय तुटून खडकालाच राहील आणि आज मरेल." मी ब्लेडनं खालून एकेक धागा कापला. शिंपल्यानं मिटायचा प्रयत्न केला. अर्धाच मिटला.

बादली घेऊन निघालो तर कांताबाई दारात. "माहेरी नेताय का जावईबापूंना?" म्हणाल्या. मग हळूच, "रविवारपर्यंत आणाल ना परत?"

गुलजारभाईंना जिन्यात एकदम घाई झाली.

२६ जानेवारी, रविवार

फोन आला. साहेबांना रिकामा खडक दिसला.

"कुठंय?"

"दुकानात नेलाय," कांताबाई म्हणाल्या. "तब्येत बरी नाही."

"काय केलंस तू तेजस? खरं सांग."

मला काय झालं माहीत नाही. म्हटलं, "साहेब, माझ्याकडून मीठ जास्त पडलं."

ते मला खूप बोलले. अडाणी माणसं ठेवतात, दुकानाला रिव्ह्यू देतो, उद्यापासून माझ्या घरात पाय ठेवायचा नाही. मी फोन धरून उभा. मग त्यांनी ठेवला.

कांताबाई आत गेल्या, पेला भरून आणला, माझ्यापुढं धरला. माझा हात पुढं गेला नाही.

"हेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. "त्या दिवसापासून तू माझ्या घरचं पाणी पीत नाहीस. हंड्याकडं बघतसुद्धा नाहीस. बाटली घेऊन येतोस. आधी वाटलं, हाही तसलाच निघाला की काय, आमचं पाणी न चालणारा. पण तसा असतास तर आधीचा लाडू कसा गिळलास?" पेला टेबलावर ठेवला. "माझं पाणी ना रे? त्यानंच झालं ना?"

मी मान हलवली. मला रडू आलं, त्यांना नाही.

"मग मीठ कशाला म्हणालास, शहाण्या?"

"भीती वाटली."

"नोकरीची भीती असती तर खरं सांगितलं असतंस."

त्या रिकाम्या खडकाकडं बघत म्हणाल्या, "तो फोन करतो ते याला बघायला. मला काय बघायचंय? मी कुठं रंग बदलते?"

३० जानेवारी, गुरुवार

दुकानात सकाळी सावली धरली. मिटला नाही. टिचकी मारली. बोट आत घातलं. नाही मिटला.

बाहेर काढला तेव्हा वास येत होता. आये असती तर एका सेकंदात फेकला असता.

गुलजारभाई म्हणाले, ओळखीत एकाकडं असाच निळा आहे, फोनवर फरक कळणार नाही. मला वाटलं सुटलो. धावत धायरीला जाऊन सांगितलं.

कांताबाई भाजी निवडत होत्या. "दुसरा आणायचा आणि पहिल्याच्या नावानं हाक मारायची?" म्हणाल्या. "एवढी म्हातारी नाही झाले मी अजून."

पण त्यांनी निवडलेली भाजी कचऱ्यात टाकली आणि देठं भांड्यात.

२ फेब्रुवारी, रविवार

साहेबांनी बंदी घातली होती, तरी कांताबाईंनी मला बोलावलं. "घर माझ्या नावावर आहे," म्हणाल्या.

फोन आला. त्या उभ्या राहून बोलल्या, ऑफिसातल्या साहेबासमोर अर्ज द्यावा तशा. "अनिरुद्ध, शिंपला गेला. मी तांब्याचं पाणी घालत होते, त्याला ते चालत नव्हतं. मला माहीत नव्हतं. या पोराचा काही दोष नाही, तो खोटं बोलला, आणि ते त्याला जमतही नाही. माझ्या हातून झालं."

तिकडून काहीच आवाज नाही. मी फोन टाकीकडंच धरला होता, सवयीनं. दोन मासे इकडून तिकडं जात होते.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. फोन बंद.

कांताबाई म्हणाल्या, "झालं." आणि बुद्धापुढं मेणबत्ती लावायला गेल्या. काडी तीनदा विझली.

९ फेब्रुवारी, रविवार

मला कामावरून काढलं नाही. गुलजारभाई म्हणाले, "काढणारच होतो. पण त्या बाईंनी फोन करून मला असं ऐकवलं की पोस्टात माणसं रांगेत कशी गप्प उभी राहायची ते आता कळलं."

संध्याकाळी काम नसताना धायरीला गेलो. कांताबाईंनी फोन चार्जिंगला लावून टेबलावर ठेवला होता, आवाज पूर्ण वाढवलेला. आम्ही त्याच्याकडं न बघता बसलो. त्यांनी शेव दिली. बाहेर कुठंतरी फोन वाजला तरी दोघं दचकत होतो.

"तुम्हीच लावा ना," मी म्हटलं.

"तो कामात असतो."

"रविवारी?"

"तू शेव खा."

अंधार पडला. फोन आला नाही. मला वाटलं होतं शिंपला मेला की भीती संपेल. ती तर नुसती खोली बदलून बसली.

१६ फेब्रुवारी, रविवार

टाकी रिकामी करायला गेलो. कांताबाईंनीच सांगितलं, मासे दुकानात घेऊन जा, लाईट बंद कर, बिल कशाला वाढवायचं. आज फोनचा विषयच काढला नाही. फोन कुठं ठेवलाय तेही दिसत नव्हतं.

मी पाइप लावून पाणी काढत होतो, अर्ध्याच्या खाली आलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरात डब्यांच्या मागून वाजला.

कांताबाईंनी पळत जाऊन काढला. गुडघ्याचं विसरल्या. "जयभीम, बाळा," म्हणाल्या आणि लगेच फोन टाकीकडं केला. भरभर सांगायला लागल्या, "हे बघ, रिकामी करतोय. तुझे लाईट, पाइप सगळं पुसून नीट ठेवायला सांगितलंय. खडक पण ठेवते. काही टाकत नाही तुझं. मासे गुलजारभाई सांभाळणार आहेत, तू काळजी…"

"आई."

"हो, हे बघ, तेजस आहे इथंच, त्याला विचार काय ते."

"आई, फोन फिरव."

"कुठं? खालून दाखवू?"

"तुझ्याकडं फिरव."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्यासारख्याच घाबरलेल्या. फोन छातीशी उपडा धरला. "माझ्याकडं कशाला," कुजबुजल्या. "अवतार बघ माझा. डोकंसुद्धा विंचरलेलं नाही." आणि फोन माझ्या ओल्या हातात कोंबून आत गेल्या.

मी उभा. फोनमध्ये साहेब होते. मी पहिल्यांदाच त्यांना नीट बघितलं. मला वाटायचं त्याहून लहान आहेत. खिडकीत काहीतरी पांढरं पडत होतं. आत कपाट उघडल्याचा आवाज आला, मग नळाचा, मग परत कपाटाचा. केवढा वेळ लावला त्यांनी. पाइप बादलीतून निसटला, पाणी फरशीवर पसरायला लागलं, माझ्या पायाखालून सोफ्याकडं निघालं. मी हललो नाही. हललो तर फोन कट होईल असं वाटत होतं. साहेबांच्या डोळ्यांवर डोळे ठेवून उभा राहिलो.

"अजून आहे का रे तो?" आतून आवाज आला.

"आहे," मी म्हटलं.